बोध कसा काढावा : नवशिक्यांसाठी, बाळकृष्णापासून

या मार्गदर्शिकेसाठी पूर्वानुभवाची अट नाही. लहानपणी आजीकडून गोकुळातल्या गोष्टी ऐकलेल्या असल्या तर उत्तम. ऐकताना झोप लागली असेल तरी हरकत नाही, कारण त्या गोष्टी शेवटपर्यंत जागं राहून कुणीच ऐकलेल्या नाहीत. साहित्य थोडकंच लागतं : भागवताचा दशम स्कंध, सहजासहजी न उठणारा एक श्रोता आणि ‘मग यातून आपण काय घ्यायचं?’ हे वाक्य योग्य जागी, योग्य आवाजात टाकण्याची तयारी.

दशम स्कंधाचे अध्याय ९० आहेत म्हणून घाबरू नये. अक्रूर रथ घेऊन गोकुळात येतो तिथे आपलं काम संपतं. तोवर कृष्णाची व्रजातली ११ वर्षं होतात. पुढे मथुरा, जरासंध, द्वारका आणि लग्नं आहेत, त्यातून बोध काढायला वरच्या वर्गात जावं लागतं. संस्कृत जड वाटत असेल तर श्रीधरस्वामींचा ‘हरिविजय’ घ्यावा. १७०२ साली पंढरपुरात पुरा झालेला, ३६ अध्यायांचा हा ओवीबद्ध ग्रंथ. मराठी घरांत जे गोकुळ पिढ्यान् पिढ्या नांदत आलं, त्यात त्याचा वाटा मोठा आहे. उत्साहाच्या भरात एकनाथी भागवत मात्र उघडून बसू नका. ती एकादश स्कंधावरची टीका आहे. तिथे कृष्ण निरवानिरवीच्या वयात उद्धवाला ज्ञान सांगतो आहे, शिंकं कुठेच टांगलेलं नाही.

सुरुवात लोण्यापासून करावी, सगळेच करतात. पद्धत अशी : गोष्टीतली एक वस्तू उचलायची, तिच्यापुढे बरोबरचं चिन्ह काढायचं आणि पलीकडे जरा वजनदार काहीतरी ठेवायचं. लोणी बरोबर भक्ताचं मन. मडकं बरोबर देह. शिंकं बरोबर अहंकार, कारण तो उंच टांगलेला असतो. मडकं फुटलं, देहबुद्धी गेली. एवढ्यावर पाऊण तास सहज निघतो. मध्ये एखादी गौळण म्हटली, तर पेटीवाल्यालाही काम मिळतं.

अडचण येते ती माकडांची. भागवतातला कृष्ण चोरलेलं लोणी माकडांना वाटतो आणि त्यांनी खाल्लं नाही तर मडकंच फोडतो. लोणी भक्ताचं मन असेल, तर ते माकडांपुढे का टाकायचं? जाणती मंडळी सांगतात, रामावतारात वानरांनी फुकट राबून सेवा केली, तिची ही परतफेड. उत्तर गोड आहे आणि मोठी माणसं त्यावर माना डोलावतात. पण ‘मग देणं देवाचं आणि लोणी गवळणींचं का?’ असं विचारणारं एखादं पोर पुढच्याच रांगेत बसलेलं असतं. त्याला खडीसाखर द्यावी आणि पुढे सरकावं.

त्याहून बिकट जागा आठव्या अध्यायात आहे. गवळणी यशोदेकडे गाऱ्हाणं घेऊन येतात आणि यादी चांगली लांब असते. धारेची वेळ व्हायच्या आधीच हा वासरं सोडतो. रागावलं तर हसतो. हात पुरत नाही तिथे पाट आणि उखळ लावून चढतो, शिंक्यातल्या मडक्याला खालून भोक पाडतो. अंधाऱ्या खोलीत अंगावरच्या रत्नांचा उजेड याच्या कामी येतो. काहीच हाती लागलं नाही, तर घरच्यांवर चिडून निजलेल्या तान्ह्यांना रडवून निघून जातो. आणि नुकत्याच सारवलेल्या, लखलखीत घरात लघवी करतो. हे पदरचं नाही, भागवतातच लिहिलं आहे. शिवाय त्या बायका म्हणतात, आता तुझ्याजवळ बघ कसा साधाभोळा उभा आहे!

शिंक्याला अर्थ मिळाला, मडक्याला मिळाला, रवीला आणि दोरीला मिळाला. सारवलेल्या जमिनीवरच्या त्या ओल्या डागाला कुणी अर्थ दिल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. नवशिक्याने तरी त्या वाटेला जाऊ नये, अर्थ सापडला तर पंचाईत. ती ओळ गुपचूप ओलांडावी, सगळे ओलांडतात. पण ओलांडताना एवढं लक्षात येतंच, की घरात दीडदोन वर्षांचं मूल वावरत असल्याशिवाय ती कुणाला सुचणार नाही. एवढं गाऱ्हाणं ऐकून यशोदा करते काय? त्याच्या घाबरलेल्या डोळ्यांकडे बघते आणि हसते. त्याला रागे भरावंसं तिला वाटतच नाही. बालसंगोपनाच्या पुस्तकांना हे पटणार नाही आणि संस्कारवर्गांनाही नाही.

आता माती. हा पाठ सावकाश घ्यावा, नवशिक्याची खरी परीक्षा इथे आहे.

गोष्ट सर्वांना ठाऊक असते. बलराम आणि बाकीची पोरं चहाडी करतात, कृष्णाने माती खाल्ली. आई हात धरून विचारते. तो म्हणतो, मी नाही खाल्ली, सगळे खोटं बोलतायत, माझं तोंडच बघ. तोंड उघडतं आणि आत आकाश, दिशा, पर्वत, बेटं, समुद्र, चंद्र, तारे; इतकंच नव्हे, तर गोकुळ आणि त्या गोकुळात उभी असलेली यशोदाही. बहुतेक प्रवचनं इथे कळसाला पोचतात. मुखातील ब्रह्मांड, पिंडी ते ब्रह्मांडी, टाळ्या. ज्यांना आरतीला उशीर झालेला असतो ते इथेच थांबतात.

थांबू नका. पहिलं म्हणजे, हे तिला एकदा दिसलेलं नाही. आदल्याच अध्यायात, दूध पिऊन झाल्यावर तान्ह्या कृष्णाने जांभई दिली तेव्हाही असंच विश्व दिसलं होतं. कुठल्याही योग्याला हेवा वाटावा असा दोनदाचा साक्षात्कार, तोही घरकाम सांभाळून. दुसरं म्हणजे, मातीच्या वेळी ती जे मनाशी म्हणते ते अगदी शहाण्या बाईचं आहे : हे स्वप्न आहे का? देवाची माया आहे? माझ्याच बुद्धीला काही झालंय? की माझ्या या पोरातच काही आहे? मग ती मनोमन नमस्कार करते. आणि लगेच विष्णूची माया पसरते, तिला पाहिलेलं सगळं विसरायला होतं आणि ती मुलाला उचलून मांडीवर घेते.

प्रवचनकार इथे हळहळतात. बिचारी! एवढं हातात आलेलं ज्ञान, मायेने हिरावलं! मूळ ग्रंथात या हळहळीचा मागमूस नाही. भागवत सांगणारे शुक म्हणतात, वेद, उपनिषदं, सांख्य आणि योग ज्याचं माहात्म्य गातात, त्या हरीला ती आपलं पोर समजली. यावर ते ऐकणारा परीक्षित राजा ‘अरेरे’ म्हणत नाही. तो विचारतो, नंद-यशोदेने असं कोणतं पुण्य केलं होतं? हे बाळपण तर खुद्द जन्मदात्यांनाही लाभलं नाही! मरण आठवड्यावर आलेला माणूस ज्ञानाच्या गोष्टी ऐकायला बसला आहे आणि त्याला हेवा वाटतो तो विसरलेल्या बाईचा. अर्जुनाला असंच रूप दिसलं तेव्हा गीतेचा अकरावा अध्याय पुरा लागला. तो थरथरला, आपण याला ‘सखा’ म्हणत आलो याची त्याने माफी मागितली आणि पहिलं रूप परत दाखव म्हणून विनवलं. यशोदेला विनवावंही लागलं नाही. ज्याच्या तोंडात विश्व होतं, त्याच्या ओठांना माती लागलेली होती, आणि हात तिने आधीच धरला होता.

आता नवशिक्याने विचार करावा. ज्या बाईला सगळ्यांत मोठा बोध आयता मिळाला, तिच्या पदरात तो टिकला नाही आणि ग्रंथ तिला भाग्यवान म्हणतो. अशा गोष्टीतून बोध काढायचा कसा? अनुभवी मंडळींचा सल्ला असा, की हा प्रश्न श्रोत्यांपुढे काढू नये.

यानंतरचा उखळाचा प्रसंग सोपा आहे, कारण त्यातला बोध आयता मिळतो. यशोदा ताक घुसळते आहे. दासी दुसऱ्या कामांत आहेत. भुकेलं पोर येऊन रवी धरतं, ती त्याला अंगावर घेते, तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू जातं आणि ती त्याला तसंच खाली ठेवून धावते. विश्वंभर उपाशी आणि दूध वाचलं! पोर चिडून दह्याचं मडकं फोडतं, पालथ्या उखळावर चढून माकडांना लोणी वाटत बसतं. ती काठी घेऊन मागे लागते, पकडते, काठी टाकते आणि दावं घेते. दावं दोन बोटं कमी पडतं. दुसरं जोडते, दोन बोटं कमी. घरातली सगळी दावी जोडते, तरी दोन बोटं कमीच. टीकाकारांनी दोन्ही बोटांचा हिशेब लावून ठेवला आहे : एक बोट माणसाच्या प्रयत्नाचं, एक देवाच्या कृपेचं. हे नवशिक्याने पाठ करावं, कधीही उपयोगी पडतं. नोकरीविषयक व्याख्यानातसुद्धा चालतं.

मात्र पाठ करून झालं, की मूळ ओळ एकदा वाचून बघावी. तिथे हिशेब नाही. तिथे आईला घाम आलेला आहे, अंबाड्यातली फुलं सुटून पडली आहेत, ती दमली आहे हे पोराला दिसतं, आणि तो बांधून घेतो. ताक फार वेळ घुसळलं तर आलेलं लोणीही परत विरतं, हे गवळणींना कळतं, बोध काढणाऱ्यांना कळत नाही. पुढे तो उखळ ओढत जातो, अर्जुन जातीची दोन झाडं पाडतो, त्यातून नारदांच्या शापाने झाडं झालेले कुबेराचे दोन मुलगे नलकूबर आणि मणिग्रीव बाहेर येतात, सुंदर स्तुती करतात. जवळ खेळणारी पोरं मोठ्यांना खरं काय घडलं ते सांगतात आणि काही मोठ्यांचा विश्वास बसत नाही. नंद हसून दावं सोडतो. कृष्णाला कुणी काही विचारत नाही, तोही काही सांगत नाही.

बाकीचे पाठ भराभर उरकता येतात. यमुनेतल्या कालिया नागाचा बोध अलीकडे नदीप्रदूषणाकडे वळवण्याची पद्धत आहे. चालतो, फक्त कृष्णाने कालियाला मारलं नाही, रमणक बेटावर धाडलं, म्हणजे प्रदूषण दुसरीकडे हलवलं, हे कुणी लक्षात आणून दिलं तर घड्याळाकडे बघावं. फळवाली गुंतवणूक-सल्लागारांची लाडकी आहे : मूठभर धान्याच्या बदल्यात टोपलीभर रत्नं. धान्य मुळात तिच्यापर्यंत पोचलंच नाही, इवल्या ओंजळीतून वाटेतच सांडलं आणि तिने फळं रत्नांआधीच, त्या रिकाम्या हातांत भरभरून दिली, हे परताव्याच्या कोष्टकात बसत नाही. पूतनेत एक गंमत आहे, ती चुकवू नका. ती मेल्यावर घाबरलेल्या गवळणी बाळाला गाईचं शेपूट फिरवतात, गोमूत्राने न्हाऊ घालतात आणि विष्णूचं एकेक नाव घेऊन त्याच्या एकेका अवयवाचं रक्षण मागतात. विष्णूकडे, विष्णूसाठी! आपल्याकडची मीठमोहरी एवढीच काय ती राहिली.

शेवटी प्रात्यक्षिक. सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते आणि त्याचा विषय कृष्णाच्या बाललीलाच. नवशिक्याने तिथे हजेरी लावावी. यमुनाकाठी पोरांनी शिदोऱ्या सोडल्या, कुणी पानावर जेवलं, कुणी दगडावर. कृष्ण मध्ये बसला, बासरी कमरेला, डाव्या हातात दहीभात. मराठी परंपरेने त्या पंगतीत पेंद्याला आणून बसवलं. लंगडा, बोबडा पेंद्या मूळ भागवतात नाही, आपणच त्याला आत घेतलं. या पंगतीतून समतेचा बोध निघतो तो खरा आहे, आणि काढावा लागत नाही, कारण लाह्या, पोहे, दही, काकडी, लोणच्याचा खार एकदा कालवल्यावर कुणाच्या घरचं काय ते सांगता येत नाही. गोव्यात माशेलला याहून पुढे जातात. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळापुढच्या मैदानात चिखलकाला होतो. अंगाला तेल लावलेली मोठमोठी माणसं चिखलात लहान मुलांचे खेळ खेळतात. ज्या जन्मदात्या देवकीला हे बाळपण बघायला मिळालं नाही, तिच्याच देवळापुढे. परीक्षिताच्या प्रश्नाला इतकं चांगलं उत्तर मी पोथीत वाचलेलं नाही. मुंबई-ठाण्याकडे शिंकं क्रेनवर गेलं, २०२२ साली राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला, आणि बोधाची जबाबदारी ध्वनिवर्धकावर आहे.

नवशिक्यांच्या नेहमीच्या शंका :

गोष्ट संपल्यावर मूल ‘मग?’ म्हणालं तर? बोध सांगू नये. पुढची गोष्ट सांगावी.

मूल झोपलं तर? चादर घालावी. राहिलेला बोध सकाळी आठवत नाही, आणि कुणी मागतही नाही.

गोष्ट ऐकून मुलाने खरोखरच माती खाल्ली तर? तोंड उघडायला सांगावं आणि नीट बघावं. काही दिसलं, न दिसलं, तरी चूळ भरायला लावावी. डॉक्टरांना विचारून जंताचं औषध द्यावं. आणि आधी चहाडी कुणी केली, हे विचारू नये.