अर्धा किलो, पाच हजार वेळा

कलघटगी

दुकानदार महाशय,

‘सप्रेम नमस्कार’ लिहायला हात धजत नाही. तुमचं नाव इथे घेत नाही. पण कळसूबाईला निघालेल्या १४ वर्षांच्या मुलीच्या पायात ते बूट कोणी चढवले, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

ती माझी पुतणी. पावसाळाभर भाताच्या बांधांवरून चिखल तुडवत शाळेला जाणारं पोर. तिचे कॅनव्हासचे बूट तुम्ही दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवलेत. “डोंगर आहे काका, घोटा मुरगळला तर?” एवढं तुमचं एक वाक्य, आणि आम्ही घाबरून पैसे मोजले. किंमत सांगितलीत, कंपनी सांगितलीत, तळव्याची जाडी कौतुकाने दाखवलीत. वजनाबद्दल मात्र चकार शब्द नाही.

ते नंतर मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाहिलं. जुना जोड ७०० ग्रॅम, तुमचा १७०० ग्रॅम. म्हणजे प्रत्येक पायाला अर्धा किलो जास्त. पायथ्याच्या बारी गावातून कळसूबाईच्या माथ्यापर्यंत ५००० पावलं धरा. प्रत्येक पावलाला तो अर्धा किलो उचलायचा, पुढे न्यायचा, थांबवायचा, पुन्हा उचलायचा. गुणाकार करा: २५०० किलो! शाळकरी मुलीकडून तुम्ही ही हमाली करून घेतलीत.

पाठीवरचं ओझं अंगासोबत संथपणे वर जातं. पायातलं ओझं दर पावलाला शून्यापासून हलवावं लागतं, म्हणून ते कितीतरी महाग पडतं. १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेतले शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रिफिथ पग यांनी हे ओळखलं होतं. पायातला एक किलो पाठीवरच्या चार-पाच किलोंइतका दमवतो, असा त्यांचा हिशेब. त्या मोहिमेचे बूट मुद्दाम हलके बनवून घेतले होते. पुढे १९८०च्या दशकातल्या मोजमापांत दिसलं, की जोडाचं वजन १०० ग्रॅमने वाढलं की चालताना प्राणवायूचा खर्च साधारण एक टक्क्यापर्यंत वाढतो. आणि ही मोजमापं सपाटीवरची. चढावर तर दर पायरीला पाय आणखी उंच उचलावा लागतो.

बर्फात, पाठीवर वीस किलो घेऊन जाणाऱ्याला ताठ, भक्कम बूट लागतात, हे मला मान्य आहे. पण तिच्या पाठीवर होती पाण्याची बाटली आणि चपातीचा डबा. तिला हवी होती कातळावर धरणारी पकड आणि बोटांपुढे थोडी मोकळी जागा. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते ज्या आठ जिल्ह्यांना मिळालं त्यांत आपला धारवाडही आहे. पायताण ज्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या शिवलं जातं, तिथे बसून तुम्ही पायाचा विचार न करता पायताण विकता, याची मला चीड येते.

त्या दिवशी चढताना दुसऱ्या लोखंडी शिडीशी ती खाली बसली. मांड्या थरथरत होत्या. “काका, मी कच्ची आहे का?” तिने विचारलं. पैशांचं दुःख मी गिळलं असतं, पण हा प्रश्न गिळता येत नाही. तिला तो तुमच्यामुळे पडला.

बूट धुऊन खोक्यात ठेवले आहेत. सोमवारी तिला घेऊन दुकानात येतो. गल्ल्याशेजारी वजनकाटा ठेवा, आणि तिच्यासमोर प्रत्येक जोड त्यावर ठेवून दाखवा.

— तिचा काका