शब्दाचा कीस

चतुर्थीच्या दिवशी मी आतल्या खोलीतून ओरडलो, “जमला गं एकदाचा कीस!” बायको आशेने आत आली. टेबलावर बटाटा नव्हता. होता एक वॉकीटॉकी, एक लॅपटॉप आणि मीच डाख लावलेली केबल.

‘किस’ हे पॅकेट रेडिओतल्या एका मोडचं नाव. हौशी रेडिओवाले, म्हणजे आम्ही हॅम लोक, इंटरनेटची वायर न लावता रेडिओवरून कॉम्प्युटर जोडतो, तो हा पॅकेट रेडिओ. मजकुराचे तुकडे पाडायचे, प्रत्येकावर कुणाचं आणि कुणाला ते कॉलसाइन घालायचं आणि 1200 व 2200 हर्ट्झच्या दोन सुरांत हवेत सोडून द्यायचं. ऐकायला तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं लागतं. ‘कीप इट सिम्पल, स्टुपिड’ हे किसचं पूर्ण रूप मी तिला सांगितलं. त्यातला शेवटचा शब्द तिने लगेच उचलला.

वेग सेकंदाला 1200 बिट. मेहुणा रोज पाठवतो तो गुलाब, समई आणि ‘शुभ सकाळ’वाला 2 एमबीचा फोटो या वेगाने यायला जवळजवळ पावणेचार तास लागतील. सातला निघाला तर पोचेल पावणेअकराला. माझ्या मते या तंत्राचा हा सर्वांत मोठा फायदा आहे.

पण मी भुललो ते त्याच्या रीतीभातींना. बोलण्याआधी स्टेशन कान देतं. चॅनल मोकळं झालं तरी लगेच तोंड उघडत नाही, आधी मनातल्या मनात फासा टाकतं. नेहमीच्या सेटिंगला साधारण चारात एकदा बोलायचं दान पडतं. नाही पडलं तर सेकंदाचा दहावा भाग गप्प बसायचं आणि पुन्हा फासा. सोसायटीच्या वार्षिक सभेला हा नियम लावावा असं मी सुचवलं. सुचवत असताना आणखी तिघे बोलत होते, त्यामुळे अनुमोदन मिळालं नाही.

निरोप मिळाला की पलीकडचं स्टेशन पोच देतं. नाही दिली तर पुन्हा पाठवायचं; साधारण दहा खेपा झाल्या की नाद सोडायचा. “दळण आणलंस का?” या प्रश्नाला आमच्याकडे अशी मर्यादा नाही.

गोची होते टेकडीने. मी कोथरूडला, मित्र पाषाणला, मध्ये वेताळ टेकडी. एकमेकांचं ऐकू येत नाही, म्हणून दोघंही चॅनल रिकामं समजून एकदम सुटतो, आणि दोघांचंही ऐकू येणाऱ्या तिसऱ्याच्या पदरी नुसता कचरा पडतो. आई आणि बायको दोन खोल्यांतून एकाच वेळी काम सांगतात, तेव्हा तो तिसरा मी असतो.

परवा मात्र थेट अंतराळ स्थानक गाठायचं ठरवलं. सुमारे 400 किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या त्या स्थानकातला हॅम रेडिओ 145.825 मेगाहर्ट्झवर आलेलं पॅकेट ऐकतो आणि जसंच्या तसं खाली टाकतो. अँटेना घरचीच, पीव्हीसी पाइपवर सुतारी मोजपट्टीचे तुकडे. वेळ जेमतेम दहा मिनिटं. वाळत घातलेले साबुदाण्याचे पापड चुकवत मी गच्चीभर आभाळावर नेम धरून फिरत होतो. सातव्या खेपेला स्क्रीनवर माझंच कॉलसाइन परत आलं, स्थानकाच्या नावापुढे चांदणी घेऊन. चांदणी म्हणजे, ‘मी पुढे पाठवलं.’

माझी आरोळी ऐकून बायको वर आली. तशीही ती पडद्यांचं माप घ्यायला मोजपट्टी शोधतच होती.

“म्हणजे तू अंतराळात निरोप धाडलास?”

“हो!”

“आणि मिळाला कुणाला?”

“मला.”

तिने अँटेनावरची पिवळी पट्टी बोटाने वाकवून पाहिली. “यातल्या कुठल्या तुकड्यात सात फूट आहेत?”