वर्तुळ काढावे कसे आणि काढल्यावर आवरावे कसे

प्रथम कंपासपेटी ड्रॉवरमध्ये ठेवून द्या. ऑटोकॅड उघडा, सी टाइप करा, एंटर मारा. माऊस गोल गोल फिरवू नये, शेजारचे बघतात. मध्यासाठी एक क्लिक, मग आकडा. झाले वर्तुळ.

आता त्या आकड्याचे. संगणक विचारतो त्रिज्या. वर्कशॉपमध्ये त्रिज्या कोणी बोलत नाही, तिथे सगळे ‘डाया’ बोलतात. कागदावर फाय २५ पाहून नवशिका २५ ठोकतो आणि ५० मिलिमीटरचे भोक घेऊन जेवायला जातो. प्लेटमध्ये पडलेले भोक लहान करण्याची कमांड अजून कोणत्याही आवृत्तीत आलेली नाही. म्हणून आकड्याआधी डी दाबावा.

दोन रेषांना टेकणारे वर्तुळ हवे असेल, तर टॅन-टॅन-रेडियस वापरा. रेषा समांतर असून त्यांच्यात अंतर १०० असेल आणि तुम्ही त्रिज्या ४० सांगितलीत, तर असे वर्तुळ अस्तित्वातच नाही, असे उत्तर मिळते. वाद घालू नये. त्रिज्या ५० करा, लगेच अस्तित्वात येते.

झूम केल्यावर वर्तुळ बहुकोनी दिसू लागले, तर साहेबांना बोलावू नका. पडद्यावर ते सरळ तुकडे जोडून दाखवलेले असते. फाइलमध्ये मात्र मध्य आणि त्रिज्या यांचीच नोंद असते. आरई, एंटर. पुन्हा गोल.

दुरुस्तीसाठी वर्तुळावर क्लिक करा. पाच निळे ठिपके दिसतील. मधला धरून ओढला की वर्तुळ सरकते, कडेचा ओढला की फुगते. सरकवायचे असताना हात हमखास कडेच्याच ठिपक्यावर पडतो.

फ्रीकॅडच्या स्केचमध्ये मामला वेगळा. तिथे वर्तुळ काढणे म्हणजे नुसती सुरुवात; पुढे त्याला अटी घालायच्या. त्याला तीन स्वातंत्र्ये असतात: आडवे सरकणे, उभे सरकणे आणि फुगणे. मध्य मूळबिंदूवर बसवला की पहिली दोन गेली, डाया लिहिला की तिसरे. मग ते हिरवे होते. त्यावर हौसेने चौथी अट घातलीत, तर तक्रार येते आणि ती रास्त असते. ही शिस्त काही आजची नाही. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली एमआयटीतल्या प्रबंधासाठी ‘स्केचपॅड’ बनवले. त्यात पडद्यावर लाइट पेनने आकृती काढायची आणि तिला अटी घालायच्या, ही सोय तेव्हाच होती. माझ्या मते त्या प्रबंधानंतर आपण मुख्यतः बटणांची संख्या वाढवली.

हिरवे वर्तुळ ओढून पाहा. हलले नाही, तर पुढच्या भोकाकडे वळा. प्लेटवर आठ भोके असतील, तर डाया एकालाच द्या आणि उरलेल्या सातांना ‘इक्वल’ लावा. नाहीतर साहेबांनी डाया बदलला की आठही ठिकाणी हात घालावा लागेल. आणि साहेब डाया बदलतातच, बहुधा शनिवारी संध्याकाळी.