थोरले लंबू, धाकटे लंबू

शेंद्र्याच्या एमआयडीसीत तिसरी पाळी सुटते, त्याच सुमारास तिकडं अमेरिकेत आदल्या संध्याकाळची बास्केटबॉलची मॅच रंगात आलेली असते. घड्याळाचा हा योगायोग ‘ऑरिक’ या औद्योगिक शहराच्या माहितीपत्रकात अजून कुणी छापलेला नाही. कंपनीच्या बसमध्ये जालना रोड लागेपर्यंत निम्मी पोरं माना टाकतात, आणि उरलेल्यांतले दोन-चार जण मोबाईलवर डेन्व्हरचा निकोला योकिच बघत बसतात. मग पेटतं.

‘ह्याला काय सेंटर म्हणायचं? उडी तरी मारायलाय का हा? शॅक असता तर बोर्डासकट घरी घेऊन गेला असता ह्याला,’ हा थोरला पक्ष. वय पंचेचाळीसच्या पुढं, पोट बेल्टच्या पुढं.

‘काका, तुमचा शॅक आज खेळला असता ना, तर तीन पॉइंटच्या रेषेपर्यंत जायला त्याला रिक्षा करून द्यावी लागली असती,’ हा धाकटा पक्ष. वय बावीस, ज्ञान यूट्यूबवरच्या चाळीस सेकंदांच्या तुकड्यांचं.

दोन्ही पक्षांत बास्केटबॉल खेळलेला माणूस औषधालाही नाही. आपल्याकडं सहा फुटांचा पोरगा दिसला की त्याला दोनच प्रश्न विचारतात: पोलिस भरती बघितली का, आणि बास्केटबॉल खेळतोस का. त्यानं दोन्हींना नाही म्हटलं की मग माळ्यावरचा डबा काढायला सांगतात.

पण भांडण जुनं आहे आणि मजेचं आहे. थोरले लंबू, म्हणजे बास्केटखाली उभे राहणारे जुने सेंटर, श्रेष्ठ की धाकटे? आमचं म्हणणं एवढंच, की हा प्रश्न खेळाडूंना विचारायचाच नाही. नियम समितीला विचारायचा.

आपल्याकडं म्हण आहे, नाचता येईना अंगण वाकडं. अमेरिकेत उलटं झालं. तिथं लंबूंना फारच चांगलं नाचता यायला लागलं, म्हणून समितीनं जाऊन अंगण वाकडं केलं. तेही एकदा नाही, दर पिढीला.

पहिला मान जॉर्ज मायकनचा. सहा फूट दहा इंच, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, दिसायला एखाद्या हायस्कूलचा गणिताचा मास्तर. हा कॉलेजात असताना बास्केटवर उतरणारा चेंडू वरच्या वर हातानं उडवून लावायचा. १९४४ मध्ये कॉलेजच्या नियमात ते बंद केलं. पुढं हा मिनियापोलिस लेकर्समध्ये आला. २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेन पिस्टन्सनं याच्यावर जालीम उपाय काढला: चेंडू द्यायचाच नाही. हातात धरून उभं राहायचं. प्रेक्षकांनी शिव्या घातल्या, पिस्टन्सनी कानांत बोटं घातली आणि मॅच १९-१८ अशी जिंकली. लेकर्सच्या १८ पैकी १५ पॉइंट मायकनचे होते. असल्या चेंडू-धरू मॅचेसनी लोक इतके वैतागले, की १९५४ मध्ये चोवीस सेकंदांचं घड्याळ आणावं लागलं. त्याआधी १९५१ मध्येच मायकनसाठी बास्केटखालचा पट्टा सहा फुटांचा बारा फूट केला होता. या पट्ट्यात तीन सेकंदांवर रेंगाळायचं नसतं. तेव्हा पट्टा रुंद केला म्हणजे लंबूला घरातून ओसरीवर काढला.

मग आला विल्ट चेंबरलेन. त्याला बारा फूट म्हणजे काहीच नाही. १९६१-६२ च्या मोसमात त्यानं दर मॅचला सरासरी ५०.४ पॉइंट केले आणि २ मार्च १९६२ ला हर्शी गावी न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एकट्यानं १००. समितीनं पुन्हा टेप काढली. १९६४ मध्ये पट्टा सोळा फूट. त्याच्यानंतरचा लू अल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार, कॉलेजात धुमाकूळ घालायला लागला तेव्हा १९६७ मध्ये कॉलेज बास्केटबॉलमध्ये डंकच बंद करून टाकला. तो बंदच राहिला १९७६ पर्यंत. पोरानं डोक्यावरून मारायच्या हुकवर आणखी हात बसवला आणि एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये ३८,३८७ पॉइंट काढले. तो आकडा ओलांडायला लेब्रॉन जेम्सला २०२३ उजाडावं लागलं. थोरल्या पक्षाचा लाडका सेंटर शॅक ऐन भरात होता तेव्हा, २००१-०२ पासून, झोन डिफेन्सला मोकळीक दिली. म्हणजे एका शॅकभोवती तिघांनी आधीच ठाण मांडून बसायची कायदेशीर सोय.

तेव्हा थोरल्या पक्षाला आमची विनंती आहे, की ‘शॅक आज असता तर’ हे वाक्य उच्चारताना कुठल्या सालच्या अंगणात, तेही सांगत चला. आणि आकडे फेकताना जरा जपून. बिल रसेलनं तेरा मोसमांत अकरा अजिंक्यपदं मिळवली, ती मुख्यतः दुसऱ्याचे फटके अडवून. त्यानं किती फटके अडवले? कुणाला ठाऊक नाही. एनबीएनं ब्लॉक मोजायला सुरुवात केली १९७३-७४ मध्ये, रसेल निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी. इतिहासातला सगळ्यात मोठा ब्लॉकवाला, आणि ब्लॉकच्या खात्यात शून्य. आजचे ब्लॉकवीर त्याच्यापेक्षा भारी असल्याचं पोरं मोबाईलवरचा तक्ता दाखवून सिद्ध करतात. तक्ता बरोबरच असतो.

शॅकबद्दल एक मात्र खरं. फ्री थ्रो. समोर कुणी नाही, वेळ भरपूर, पंधरा फुटांवर बास्केट, आणि गड्याची कारकिर्दीची टक्केवारी ५२.७. पस्तीसला पास करणाऱ्या आपल्या बोर्डात तो निघाला असता, पण बास्केटबॉलमध्ये त्याला मुद्दाम धक्के मारून रेषेवर उभा करायची विद्याच निघाली. चेंबरलेनचीही हीच रड. गंमत म्हणजे हर्शीच्या त्या रात्री त्यानं ३२ पैकी २८ फ्री थ्रो घातले होते, कारण तेव्हा तो दोन्ही हातांनी खालून, गुडघ्यांपासून चेंडू टाकायचा. पुढं त्यानं ती पद्धत सोडली. का? तसं टाकताना आपण बायकी दिसतो म्हणून. शंभर पॉइंट केलेला पुरुष, पण चार लोक काय म्हणतील याला भ्याला. आजचे सेंटर याबाबतीत निर्लज्ज आहेत, आणि ते आम्हाला आवडतं. योकिचला तर कसं दिसतं याची मुळीच पडलेली नाही. तो खेळताना भाजी आणायला निघाल्यासारखा दिसतो.

आता धाकट्या पक्षाकडं वळू. यांचा दावा असा, की पास देणारा, लांबून फटका मारणारा, सगळं मैदान वापरणारा सेंटर हा यांच्या जन्मानंतर लागलेला शोध आहे. बाळांनो, १९६७-६८ मध्ये एनबीएत एकूण सर्वाधिक असिस्ट कुणाचे होते? चेंबरलेनचे. ७०२. लोक म्हणाले हा नुसते पॉइंट करतो, म्हणून त्यानं वर्षभर पास देऊन दाखवले. आणि लिथुआनियाचा अर्व्हिदास साबोनिस. सात फूट तीन इंच. पाठीमागं न बघता असे पास द्यायचा, की झेलणाऱ्याचीच धांदल व्हायची. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये याच्या सोव्हिएत संघानं अमेरिकेला उपांत्य फेरीत हरवलं आणि सुवर्ण नेलं. पोर्टलँडनं त्याला १९८६ च्या ड्राफ्टमध्येच, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, निवडून ठेवलं होतं. तो पोचला १९९५ मध्ये, तिशी गाठून, पायांची वाट लागल्यावर. मधली नऊ वर्षं शीतयुद्ध आणि टाचेच्या दुखापतीनं खाल्ली. ती वर्षं जमेला धरली तर आजच्या अर्ध्या वादाचा निकाल लागतो, पण जी मॅच झालीच नाही ती यूट्यूबवर सापडत नाही.

मधल्या काळात मात्र लंबूंची खरंच उपासमार झाली. सगळ्यांना हिशेब कळला, की तीन हे दोनपेक्षा जास्त असतात. (हे कळायला १९७९ पासून, म्हणजे तीन पॉइंटची रेषा आल्यापासून, सुमारे तीस वर्षं लागली. अमेरिकेत गणित अवघड जातं म्हणतात.) २०१२ मध्ये ऑल-स्टारच्या मतपत्रिकेवरून ‘सेंटर’ हा रकानाच काढून टाकला. शॅकनं २००० मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा किताब घेतला, त्यानंतर पुढच्या सेंटरला तो मिळायला २०२१ यावं लागलं.

शेंद्र्याच्या पोरांना हे वेगळं समजावायला नको. पूर्वी आयटीआय झालेला फिटर फिटिंग करायचा, टर्नर लेथवर उभा राहायचा, आणि दुसऱ्याच्या मशीनला हात लावला की युनियनवाले विचारायला यायचे. आता गेटवरच्या जाहिरातीत एकाच माणसाला सीएनसी, वेल्डिंग, क्वालिटी, पॅकिंग आणि जमलं तर फोर्कलिफ्ट पाहिजे असतं. पगाराचा आकडा तेवढा एकाच माणसाचा. सेंटरचंही तेच झालं. रिबाउंड काढ, ब्लॉक कर, वर तीनचा फटका मार, पास दे, ड्रिबल कर. फरक एवढाच, की योकिचला त्याचे पैसे मिळतात.

त्याला २०१४ मध्ये ४१ व्या क्रमांकावर निवडलं, तेव्हा टीव्हीवर खाण्याच्या पदार्थाची जाहिरात चालू होती. तो तीनदा सर्वोत्तम खेळाडू झाला, २०२३ मध्ये अजिंक्यपद नेलं, आणि २०२४-२५ मध्ये पॉइंट, रिबाउंड, असिस्ट तिन्हींची सरासरी दहाच्या वर ठेवणारा पहिला सेंटर ठरला. कॅमेरूनचा एम्बीड, फ्रान्सचा वेम्बन्यामा असे बाकीचेही मोठे लंबू बाहेरचेच. अमेरिकेची नियम समिती आपल्या लंबूंना ओसरीवर बसवत राहिली, आणि पाहुणे आले ते ओसरीवरूनच बास्केट करायला शिकून.

मग मराठी माणूस या सगळ्यात कुठं? सेंटरच्या जागेवर तर नाहीच. ती आपण पंजाबला दिली आहे. सात फूट दोन इंचांचा सतनाम सिंग २०१५ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. एनबीएची एकही मॅच न खेळता पुढं तो कुस्तीच्या तमाशात गेला. आपलं मोठं घराणं नागपाड्याचं. तिथं १९२७ मध्ये अमेरिकन मराठी मिशननं नेबरहूड हाउस काढलं, आणि त्याच वस्तीनं अब्बास मुंतसीरसारखा भारताचा कर्णधार दिला, १९७० चा अर्जुन पुरस्कारवाला. चिंचोळ्या गल्ल्या, छोटं मैदान, पायांत वीज. लंबूंचा तो प्रांतच नव्हे.

लंबू विकत घेण्याच्या प्रांतात मात्र आपलं एक आडनाव आहे. विवेक रणदिवे. जन्म मुंबईचा, शिक्षण एमआयटीचं, पैसा सॉफ्टवेअरचा. हे गृहस्थ कॅलिफोर्नियात आपल्या मुलीच्या संघाचे, म्हणजे बारा वर्षांच्या पोरींच्या संघाचे, कोच झाले. पोरी बुटक्या, फटका बसत नाही. यांनी सांगितलं, मागं पळायचंच नाही, ९४ फूट मैदानभर समोरच्यांच्या अंगावर जायचं. पोरी राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचल्या. माल्कम ग्लॅडवेलनं २००९ मध्ये त्यावर लेख लिहिला आणि छोट्यांनी मोठ्यांना कसं हरवावं याचे रणदिवे हे जगभराचे गुरू झाले.

गुरूंनी पुढं काय केलं? २०१० पासून त्यांचा गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये वाटा होता, तो २०१३ मध्ये सोडून सॅक्रामेंटो किंग्ज घेतला. दोन वर्षांत वॉरियर्सनी अंतिम फेरीत सेंटरला बाकावर बसवून अजिंक्यपद मारलं. छोट्यांनी मोठ्यांना हरवलं, फक्त ते गुरूंनी आधीच विकलेल्या दुकानात. नव्या दुकानात तोवर लंबूंची आवक सुरू झाली होती. कझिन्स आधीपासून होताच. २०१५ मध्ये साडेसात फुटांच्या घरातला सिम भुल्लर आणला, भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू. तीन मॅच खेळून परत. त्याच वर्षी कॉली-स्टाइन. २०१६ मध्ये ग्रीसचा पापायानिस. २०१८ मध्ये दुसऱ्या क्रमांकाची निवड हातात असताना पुन्हा लंबूच, मार्व्हिन बॅगली. आणि लुका डॉन्चिच तिसऱ्या क्रमांकावर दुसऱ्याच्या घरी गेला. ही निवड करणाऱ्या व्यवस्थापकाचं नाव व्लादे दिवाच, स्वतः जुना सेंटर. जातीसाठी माती खावी, ती अशी.

ऑक्टोबर २०१९ मध्ये रणदिवे आपला संघ घेऊन वरळीच्या डोममध्ये आले. पहिली मॅच बघायला गॅलरीत सगळी शाळकरी पोरं. इंडियाना पेसर्सनी जादा वेळेत १३२-१३१ नं हरवलं. त्या पेसर्समध्ये एक डोमांटास साबोनिस होता, थोरल्या साबोनिसचा मुलगा. पुढं फेब्रुवारी २०२२ मध्ये रणदिव्यांच्या संघानं तोच धाकटा साबोनिस आणला. वडिलांसारखा पास, वडिलांसारखा रिबाउंड, आणि पाय शाबूत. २०२३ मध्ये, सलग सोळा मोसम हुकल्यावर, किंग्ज प्लेऑफमध्ये गेले.

पहिल्याच फेरीत समोर वॉरियर्स. दुसऱ्या मॅचमध्ये त्यांचा साडेसहा फुटी ड्रेमंड ग्रीन पडलेल्या साबोनिसच्या छातीवर पाय देऊन गेला, त्याबद्दल एका मॅचची बंदी झाली. सातव्या मॅचमध्ये सहा फूट दोन इंचांच्या स्टेफ करीनं पन्नास पॉइंट केले आणि गुरूंना घरच्या मैदानावर बाहेर काढलं.

मायकननं इतकं केलं तेव्हा पट्टा बारा फूट झाला, चेंबरलेननं केलं तेव्हा सोळा. करीची तीन पॉइंटची रेषा १९९७ पासून पावणेचोवीस फुटांवर जिथल्या तिथं आहे. समितीची फक्की बहुधा संपली असावी.