हुडी आधी, पॅकेट नंतर

वडगाव रासाईसारख्या खेड्यातल्या पोरानं नेटवर्क सिक्युरिटी शिकायचं मनावर घेतलं, की शहरातला क्लास त्याला आधी काळी हुडी दाखवतो, मग फीचे हप्ते. प्रमाणपत्र हमखास, पॅकेट मात्र डेटाचं नाही, बिस्किटाचंच ठाऊक. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले, तेव्हा कुणी तिजोरी फोडली नव्हती. बहुतेक रकमेसाठी चोरांनी एटीएमची विचारणा बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचूच दिली नाही. मधल्या बनावट यंत्रणेनं परस्पर होकार दिला. हे उमगायला टीसीपी-आयपी, म्हणजे नेटवर्कवरच्या संवादाचे नियम, यावे लागतात, हुडी चालत नाही.

खेड्यात लॅब कुठली, हा आक्षेप वरवर रास्त. पण लिनक्स आणि पॅकेटं उलगडून दाखवणारं वायरशार्क फुकट आहेत. एका साध्या लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशिन मांडली की झाली लॅब. एकावरून दुसऱ्याला पिंग करा, जाणारी विचारणा आणि येणारं उत्तर वायरशार्कमध्ये ओळीनं दिसतं. हल्ला न करता बचाव कसा शिकणार, असंही विचारतात. स्वतःच्या मशिनवर करा की खुशाल! शेजाऱ्याच्या यंत्रणेत लबाडीनं घुसलात, तर आयटी कायद्याच्या कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद आहे, आणि तिथे फी हप्त्यानं घेत नाहीत.