अण्णांचं पोर्ट

ऑफिसात अण्णांना शोधावं लागत नाही. ज्या टेबलावर तीन स्क्रीन आणि तिन्हींवर हलत्या रेघा, तिथे अण्णा. चष्मा कपाळावर, चहा गार झालेला. "काय अण्णा, कसं काय?" म्हटलं की स्क्रीनवरची नजर न हलवता उत्तर येतं, "सध्या तरी हिरवं आहे." हे उत्तर स्वतःच्या बीपीबद्दल असतं, लेकीच्या बारावीबद्दल असतं आणि सर्व्हरबद्दल तर असतंच.

हिंजवडीपासून खराडीपर्यंत प्रत्येक आयटी कंपनीत असा एक अण्णा असतो. लोकांची मशिनं जिवंत आहेत की नाहीत, हे बघत बसणं त्याचं काम. मशीन चालू असेल तर त्याची आठवण कोणाला होत नाही, बंद पडलं की पहिला फोन त्यालाच. अण्णांना त्याचं काही नाही. त्यांचं दुःख वेगळंच आहे. "मशीन मेलं तर चालेल हो," ते म्हणतात, "पण मेलं हे मला कळायला नको?"

आणि कळत नाही, कारण मध्ये फायरवॉल.

नवीन पोरगं टीममध्ये आलं की अण्णा त्याला आधी इतिहास सांगतात. 1994 साली इंग्लंडात लेस्टरच्या एका विद्यापीठात टोबियास ओटिकर नावाच्या माणसाने 64 किलोबिटची लाइन किती भरली हे पाहायला एमआरटीजी लिहायला घेतलं, इथपासून सुरुवात. मग नागिऑस, झॅबिक्स, आणि 2012 साली साउंडक्लाउड या गाणी ऐकवणाऱ्या कंपनीत जन्मलेला प्रोमीथिअस. इथे अण्णांचा आवाज जरा चढतो. प्रोमीथिअस स्वतः प्रत्येक मशीनच्या दारात जाऊन आकडे मागून आणतो. मशीनने दार उघडलं नाही तर तेवढ्यावरूनच कळतं, काहीतरी बिनसलंय. "पण सोसायटीचा वॉचमन आठव," अण्णा पोराला सांगतात. "आत येणाऱ्याला नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल विचारतो. बाहेर जाणाऱ्याला विचारतो कधी? फायरवॉल तसाच. आणि आपला प्रोमीथिअस येणाऱ्यांत मोडतो."

म्हणून अण्णांचं आयुष्य अर्ज भरण्यात गेलं. कुठून, कुठे, कोणतं पोर्ट, कशासाठी, कधीपर्यंत. पोर्टच्या रकान्यात 9100, मशीनचे आकडे मिळतात ते दार. 'कशासाठी'च्या रकान्यात ते इतकं लिहितात की एक्सेलचा चौकोन खाली तीन बोटं लांबतो. अर्ज जातो सिक्युरिटीच्या मॅडमकडे. मॅडम शांत बाई. एकच शब्द बोलतात. "इनबाउंड?" आणि मान हलवतात.

एकदा अण्णा लॅपटॉप घेऊन समोर जाऊनच बसले. म्हणाले, नुसते आकडे तर आहेत, सीपीयू किती, डिस्क किती, यात कसलं आलंय गुपित? मॅडमनी 9100 चं पान ब्राउझरमध्ये उघडलं आणि वाचायला लागल्या. मशीनचं नाव. कर्नलची नेमकी आवृत्ती. कोणत्या डिस्क, कुठे जोडल्यात. ना पासवर्ड, ना कुलूप. "हे तुम्ही गावाला वाचायला देणार?" अण्णा गप्प. अण्णा माझे कितीही लाडके असले तरी त्या दिवशी मॅडमचंच बरोबर होतं. याच अण्णांनी पूर्वी एसएनएमपी या जुन्या पद्धतीचं 161 पोर्ट उघडून घेतलं होतं आणि पासवर्डच्या जागी 'पब्लिक' हा शब्द जसाच्या तसा ठेवला होता, हेही मॅडम विसरलेल्या नाहीत.

तोडगा निघाला तो कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यामुळे. वजनकाट्यावरचा संगणक आमच्याकडे सांभाळायला आलेला. गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत, काटा थांबला की शिव्या थेट चेअरमनपर्यंत. आणि संगणक फायरवॉलच्या आत, तोही सिमकार्डाच्या राउटरवर, म्हणजे बाहेरून गाठायला धड पत्तासुद्धा नाही. अण्णांनी मग उलटा डाव टाकला. आतच एक एजंट बसवला. तो तिथल्या तिथे आकडे गोळा करतो आणि बाहेर जायला एरवीही मोकळ्या असलेल्या 443 वरून कुलूपबंद पाठवून देतो. रेंज गेली तर साठवतो, आली की मागचं धाडतो. मात्र दोनेक तासांच्या वर गेली तर मधलं गेलंच. आत यायला एकही दार नाही. मॅडमनी सही केली.

एका रात्री अण्णांनी काट्यावरच्या क्लार्कला फोन लावला. डिस्क ज्या चालीने भरतेय त्यावरून प्रोमीथिअसने पुढचा हिशोब मांडला होता. "साहेब, पहाटेपर्यंत तुमची डिस्क भरतेय, जुन्या लॉग फायली काढा." पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग, "आवो, तुमास्नी पुण्यात बसून कसं काय कळलं?" हे वाक्य अण्णा अजून सांगतात. पगारवाढीबद्दल ते इतक्या आनंदाने कधी बोलले नाहीत.

पण आकडे आपण होऊन येऊ लागले की अण्णांना वेगळाच संशय. येणारे थांबले तर? बरं आहे म्हणून गप्प, की मेलं म्हणून गप्प? त्यातून पुशगेटवे, म्हणजे मशीनने आपले आकडे आणून ठेवायची जागा, तिथे ठेवलेला आकडा कोणी पुसेपर्यंत तसाच राहतो. आमच्या एका बॅकअपची खूण अशीच रोज 'यशस्वी' दाखवत होती. सगळे खूश. अण्णा त्या रेघेकडे बघत राहिले. "इतकी सपाट कशी?" चौकशी केली तर ते मशीन केव्हाच काढून नेलेलं. तेव्हापासून अण्णा यश मोजत नाहीत, शेवटचं यश किती तासांपूर्वीचं ते मोजतात, आणि 26 च्या वर गेलं की घंटा.

घरीही तेच. गावाकडे आई एकटी. तिने रोज सकाळी सातला मिस्ड कॉल द्यायचा, अण्णांनी उचलायचा नाही, पैसे जात नाहीत. साडेसातपर्यंत आला नाही तर अण्णा फोन करतात, तो उचलला नाही तर शेजारच्या वहिनींना. वहिनी हल्ली वैतागल्यात. आई देवळात गेली असली की त्यांना पोळ्या टाकून धावावं लागतं. बायको म्हणते, "अहो, देवदर्शनालासुद्धा तुमची परवानगी काढायची का?" अण्णांनी एकादशीची वेळ साडेआठ करून दिली.

तुमच्या ऑफिसातही असा कोणी असेल. त्याचा अर्ज तुमच्या सहीला आला तर उगाच अडवू नका. फक्त 'कधीपर्यंत'च्या रकान्यात 'कायमस्वरूपी' लिहिलेलं असेल, तेवढं खोडून तारीख टाकायला सांगा. मॅडम त्यावरूनच परत पाठवतात.