उत्पत्तीकाका

आमच्या काकांचं खरं नाव मंडळीच्या रजिस्टरात आहे. बाकी सगळं लोणावळा त्यांना उत्पत्तीकाका म्हणतं. गेली तीस वर्षं दर १ जानेवारीला ते उत्पत्ती हे बायबलचं पहिलं पुस्तक उघडतात आणि जानेवारी संपायच्या आत मिटतात. आकाश आणि पृथ्वी एकदाच निर्माण झाली असं इतर लोक मानतात; काकांच्या घरी ती दरवर्षी होते.

३१ डिसेंबरच्या रात्री वर्षअखेरची उपासना संपते तेव्हा बाहेर मुंबईच्या गाड्यांची रांग लागलेली असते. हॉर्न, फटाके, चिक्कीच्या दुकानांवरची झुंबड. त्यातून काका मफलर आवळत घरी येतात आणि झोपण्यापूर्वी हिशेब मांडतात. पुस्तकं ६६, अध्याय ११८९. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात सगळं होऊन वर दहा दिवसांची नाही, तरी दहा अध्यायांची शिल्लक राहते. ही शिल्लक काकांना फार आवडते. आजवर तिला हात लावायची वेळ आलेली नाही.

मग सामग्री. नवी वही, रेशमी खूणफीत आणि तीन पेन्सिली: आज्ञांसाठी लाल, अभिवचनांसाठी निळी, शंकांसाठी हिरवी. लाल आणि निळी अजून लांबलचक आहेत. हिरवी दर वर्षी नवी आणावी लागते.

एका वर्षी कुणीतरी त्यांना मक्चेनचा तक्ता दिला. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या या तरुण पाळकानं १८४२ साली आपल्या मंडळीसाठी तो आखला होता. रोज चार ठिकाणचे चार अध्याय, म्हणजे वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रं दोनदा. काकांनी तक्ता लॅमिनेट करून घेतला. पुढे त्यांना कळलं की मक्चेन दुसऱ्याच वर्षी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी गेला. "बघ," ते मला गंभीरपणे म्हणाले, "झेपत नाही माणसाला." तक्ता सध्या लोणच्याच्या बरणीखाली आहे.

नोकरीत असताना त्यांनी लोकलवरही प्रयोग केला. लोणावळा ते कामशेत एक अध्याय, कामशेत ते तळेगाव दुसरा, देहू रोडपर्यंत तिसरा. मळवली येईपर्यंत डोळे मिटलेले असायचे. उतरायचं पिंपरीला, जाग यायची शिवाजीनगरला.

खरी अडचण लेवीयची, म्हणजे तिसऱ्या पुस्तकाची. उत्पत्ती सरसर जातं. योसेफाची गोष्ट तर मालिकेसारखी. निर्गमात तांबडा समुद्र ओलांडेपर्यंत काका घोड्यावर असतात. मग निवासमंडपाची मापं सुरू होतात: पडदा लांबी अठ्ठावीस हात, रुंदी चार हात, असे दहा पडदे. तिथे काकांची चाल मंदावते. आणि लेवीय आलं, अर्पणं आणि चरबी आली, की खूणफीत बसते ती बसतेच. त्यांचं बायबल कडेनं पाहावं. पहिली नव्वद-शंभर पानं बोटांनी काळपटलेली, पुढची नव्या नवरीसारखी कोरी.

त्यांना बोललेलं मात्र चालत नाही. त्यांची आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली, त्यामुळे पंडिता रमाबाईंचा दाखला तयार असतो. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ भाषांतून एकटीनं सगळं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, पूर्ण ग्रंथ तिथल्याच छापखान्यातून निघाला १९२४ मध्ये. "बाईंची अठराएक वर्षं गेली भाषांतरात," काका म्हणतात. "मग मला वाचायला तीस लागली तर कुठं बिघडलं?"

काकू यावर काही बोलत नाहीत. त्यांचं बायबल स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर असतं. सकाळी दूध तापत ठेवायचं आणि ते वर येईपर्यंत वाचायचं. तक्ता नाही, पेन्सिल नाही. स्तोत्रसंहितेवर हळदीचा एक अंगठा तेवढा आहे. किती वेळा वाचून झालं, असं मी एकदा विचारलं. "दूध किती वेळा तापवलं ते कुठं मोजलंय?" म्हणाल्या.

गेल्या वर्षी आषाढात काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, बाहेर लोणावळ्याचा पाऊस, वीज गेलेली. सकाळी काकू म्हणाल्या, "अहो, माझं राहिलंय. तुम्ही वाचा."

"कुठून?"

"तुमचं अडलंय तिथून."

अडलं होतं लेवीयच्या चौदाव्या अध्यायात. शेजारचे माउली छत्री परत द्यायला आले होते, तेही पावसामुळे ओट्यावर टेकले. माउली मावळातले शेतकरी, घरी रोजचा हरिपाठ, वर्षाची वारी. काका वाचू लागले. घराच्या भिंतीवर हिरवट-तांबूस खळगे दिसले तर याजकाला बोलवावं, तो आत येण्यापूर्वी सामान बाहेर काढावं, घर सात दिवस बंद ठेवावं, चट्टा पसरला तर धोंडे उपटून गावाबाहेर टाकावेत.

काकांनी वर पाहिलं. समोरची भिंत हिरवी होती. कपाटामागची तांबूस होती. छताविषयी बोलायलाच नको.

"मग?" माउली पुढं सरकले. "पाडलं का घर?"

"ते... उद्या वाचू."

"उद्या कसं? आमचं बी घर तसंच हाय की!"

काकांना अध्याय संपवावा लागला. आणि दुसऱ्या दिवशी दूध तापायच्या वेळेला माउली ओट्यावर हजर. "काल कुठवर आलो होतो भाऊ?" कीर्तन ऐकणाऱ्या माणसाला मधेच थांबणं मंजूर नसतं.

गणना हे पुस्तक मी तरी कधी धड वाचू शकलो नाही. माउलींना ते सगळ्यांत आवडलं. वीस वर्षांवरचे पुरुष ६,०३,५५०, हा आकडा ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पाण्याचे टँकर किती?" निवासमंडपाच्या चहूबाजूंनी कोणता वंश कुठं उतरायचा, ती यादी काका टाळणार होते. माउलींनी टाळू दिली नाही. "अहो, रथाच्या पुढं इतक्या दिंड्या, मागं इतक्या, नंबरानं चालायचं. त्याबिगर वारी व्हती का?" काका पहिल्यांदाच हिरवी पेन्सिल खाली ठेवून ऐकत होते.

भातलावणी, लग्नं, एकादश्या, आणि दर अध्यायाला माउलींचे प्रश्न. गाडी हळूच चालली, पण चालली. या वर्षी १ जानेवारीला काका शास्त्यांच्या पुस्तकात होते, त्यामुळे आकाश आणि पृथ्वी निर्माण करायचं राहूनच गेलं.

पालखीचे दिवस आले तेव्हा वाचन दुसऱ्या शमुवेलात होतं. दावीदाचं पोरगं अबशालोम बापावर उलटलेलं, पळताना डोकं एला झाडात अडकलेलं, खालून खेचर निघून गेलेलं. माउली पिशवी भरून उठले. "मी येईपर्यंत म्होरं जायचं नाही भाऊ."

एवढी राजमान्य सुट्टी काकांना आयुष्यात मिळाली नव्हती. त्यांनी ती मनापासून घेतली. काकूंनी पूर्वीसारखं दूध तापवत आपलं आपण वाचायला घेतलं होतं. मी त्या आठवड्यात तिथेच होतो. एका सकाळी फोन वाजला.

"भाऊ, यवत सोडलं, चौफुल्याला आलोय. तुमच्या रमाबाईंचं केडगाव इथनं जवळच म्हणतात. ते ऱ्हाऊ द्या. ते पोरगं अजून झाडालाच का?"

"तुम्हीच म्हणालात ना, पुढं जाऊ नका."

"म्हणून पंढरपुरापर्यंत लटकत ठेवता व्हय त्याला? वाचा. इथं दिंडीतली चौघं बसलीत, फोन मोठ्यानं लावतो."

काका चष्मा शोधू लागले. काकूंनी तो दुधाच्या पातेल्याशेजारून आणून दिला.